अकरा वर्षांच्या मुलीची पहिली टर्की: बंदूक कोणती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातली मुलगी अकरा वर्षांची आहे. वजन ३४ किलो, उंची ४ फूट ७ इंच. वडिलांच्या ऑफिसातल्या मित्राचं शेत आहे आणि एप्रिलमध्ये मुलांसाठी राखून ठेवलेल्या दोन दिवसांत टर्कीच्या शिकारीला या, असं त्याने बापलेकीला बोलावलं आहे. मुलगी महिनाभर त्याच नादात आहे. मित्र म्हणतो, माझी बारा बोअर घेऊन जा (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप). दुकानदार म्हणतो, लहान मुलांना फोर-टेन. तिसरा कुणी म्हणतो, वीस बोअरच घ्या. वडिलांनी आजवर बंदूक हातात धरलेली नाही. ते विचारतात, "एकदाच खर्च करायचा आहे. नेमकी कोणती घेऊ?"

मी मूळचा कोल्हापूरकडचा. मिझुरीत येऊन बावीस वर्षं झाली. त्यातली अठरा वर्षं मी दर वसंतात टर्कीच्या मागे आहे आणि गेली बरीच वर्षं मुलांना पहिल्यांदा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, आणि मग रानात नेतो. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात हे ज्ञान उतरत आलेलं नसतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झाली. आजोबांची ठासणीची बंदूक भिंतीवर पाहिली असेल तर असेल, बार काढलेला कुणी पाहिलेला नसतो. इथला शेतकरी ज्या गोष्टी सहाव्या वर्षी बापाच्या शेजारी बसून शिकतो, त्या आपल्याला चाळिशीत विचारून घ्याव्या लागतात. त्यामुळे तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत, आणि मी जरा पाल्हाळ लावला तर सांभाळून घ्या.

तुम्ही बोअर विचारताय, पण खरी अडचण बोअरची नाही. सकाळी सहाच्या थंडीत, समोर वीस पावलांवर आठ-दहा किलोचा पक्षी पिसारा फुलवून उभा असताना, तुमची मुलगी गाल दस्त्यावर नीट टेकवून, डोळे उघडे ठेवून, चाप हळूच दाबू शकेल का? यातला प्रत्येक शब्द बंदुकीच्या मापावर आणि धक्क्यावर अवलंबून आहे. पक्षी किती लांब असेल हे तुमच्या हातात आहे, कारण कुठे बसायचं आणि कधी "हो" म्हणायचं ते तुम्ही ठरवणार. मुलीच्या मनात बसलेली भीती मात्र तुमच्या हातात राहत नाही. ती एकदा बसली की काढायला वर्षं लागतात. हे मी माझ्या घरात पाहिलं आहे.

माझा मुलगा दहा वर्षांचा असताना मी त्याच्यासाठी एकनळी वीस बोअर घेतली. दुकानातल्या माणसाने सांगितलं, हलकी आहे, पाच पौंडांची, पोराला उचलायला सोपी. मला ते पटलं. रेंजवर गेलो आणि सराव खऱ्या काडतुसानेच झाला पाहिजे असं समजून मी त्याच्या हाती थेट टर्कीचं ३ इंची काडतूस दिलं. बार झाला तसा त्याच्याच अंगठ्याचा सांधा नाकावर आपटला. डोळ्यांत पाणी आलं, पण रडला नाही. म्हणाला, "बाबा, अजून एक." मला वाटलं, पोरगा धीराचा आहे. दुसरा बार कागदावर कुठेच लागला नाही. तिसराही नाही.

पुढच्या आठवड्यात एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने मला बाजूला घेतलं आणि मुलाच्या नकळत बंदुकीत खोटं काडतूस घातलं, दारू नसलेलं, सरावाचं. मुलाने नेम धरला, चाप दाबला. खट्ट असा आवाज झाला, बार नाही. आणि आवाज होण्याच्या आधीच बंदुकीचं तोंड वीतभर खाली गेलं होतं, खांदा पुढे आला होता, डोळे घट्ट मिटलेले होते. शरीर धक्क्याची वाट बघत होतं. मुलगा माझ्याकडे बघायला लागला आणि त्याच्या चेहऱ्यावर जी शरम होती ती मी अजून विसरलेलो नाही. चूक त्याची नव्हती, माझी होती. त्या वर्षीची शिकार गेली, पुढच्या वर्षीचीही गेली. आम्ही एअर रायफलपासून पुन्हा सुरुवात केली, मग फोर-टेनमध्ये अर्ध्या औंसाचं काडतूस आणि फुगे. तेराव्या वर्षी त्याने अठरा यार्डांवर पहिला जेक, म्हणजे वर्षभराचा नर, पाडला.

म्हणून आधी धक्क्याचं गणित समजून घ्या. ते सोपं आहे आणि दुकानातल्या सल्ल्याच्या नेमकं उलटं आहे. छर्रे आणि दारूचा वायू जितक्या जोराने पुढे जातात तितक्याच जोराने बंदूक मागे येते. तेच काडतूस जड बंदुकीतून सुटलं तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात कमी होते. पाच पौंडांच्या बंदुकीऐवजी सात पौंडांची घेतली, तर त्याच काडतुसाचा धक्का जवळपास तीस टक्क्यांनी उतरतो. "मुलासाठी हलकी बंदूक" म्हणून विकली जाणारी एकनळी जड काडतुसाबरोबर मुलासाठी सर्वांत वाईट जोडी होते. वजनाची काळजी करू नका. टर्कीच्या शिकारीत मूल बंदूक खांद्यावर घेऊन चालत नाही. लपणीत, म्हणजे लपून बसायच्या कापडी तंबूत, बसल्यावर बंदूक तिपाईवर टेकलेली असते. रानात जाता-येता ती तुम्ही न्यायची, रिकामी.

दुसरी गोष्ट दस्त्याचं माप. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्या माणसाच्या बंदुकीत साधारण १४ ते १४.५ इंच असतं. तुमच्या मुलीच्या बांध्याला ते १२ च्या आसपास लागेल, कदाचित त्याहून थोडं कमी. घरी तपासायची जुनी रीत अशी: रिकामी बंदूक, आधी तुम्ही उघडून दोनदा खात्री केलेली, तिच्या कोपराच्या वळणात दस्ता टेकवा आणि हात सरळ चापाकडे नेऊ द्या. बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात पोहोचलं पाहिजे. रेटून पोहोचत असेल तर बंदूक लांब आहे. लांब बंदुकीत मूल काय करतं? मागे वाकतं, गाल उचलतं, दस्ता खांद्याच्या खोबणीत न बसवता दंडावर घेतं. मग धक्का हाडावर बसतो. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी ज्यांना "बंदुकीची भीती" होती, त्यांतल्या बहुतेकांना प्रत्यक्षात लांब दस्त्याचा त्रास होता. मित्राची बारा बोअर एवढ्याच कारणाने बाद होते. बारा बोअर ही काही राक्षसीण नाही. हलकं काडतूस घालून, दस्ता आखूड केलेल्या बारा बोअरने चौदा वर्षांची थोराड मुलं छान नेम धरतात. पण उसनी आणलेली, मोठ्या माणसाच्या मापाची, वर ३.५ इंची काडतूस? नको. मित्राला प्रेमाने नाही म्हणा.

आता बोअर. आकडा जितका मोठा तितकी नळी अरुंद, कारण नळीच्या मापाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात त्यावरून हा आकडा पडला. बारा बोअरची नळी ०.७२९ इंच, वीसची ०.६१५ इंच. फोर-टेनचा हिशोब वेगळा, तो सरळ इंचातला व्यास आहे: ०.४१०. म्हणजे फोर-टेन सर्वांत लहान.

दहा वर्षांपूर्वी कुणी मला विचारलं असतं तर मी फोर-टेनला हात जोडून नकार दिला असता. ३ इंची फोर-टेन काडतुसात शिशाचे छर्रे ११/१६ औंस मावतात. ६ नंबरचे (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक) घेतले तर जेमतेम दीडशे-एकशे पंचावन्न. टर्कीच्या अंगावर बार काढायचा नसतो. पिसं आणि छातीचा स्नायू इतका जाड की छर्रे आत पोहोचत नाहीत आणि पक्षी जखमी होऊन निघून जातो. बार डोक्यावर आणि मानेच्या मणक्यावर बसला पाहिजे, आणि दीडशे छर्ऱ्यांत तेवढे नेमके तिथे पडतीलच याची खात्री पंधरा यार्डांपलीकडे देता येत नाही. नवशिक्याच्या हातात तर नाहीच.

चित्र बदललं ते टंगस्टनच्या छर्ऱ्यांमुळे. इथे सगळे त्याला टीएसएस म्हणतात. शिशाची घनता घन सेंटिमीटरला साधारण ११ ग्रॅम, टीएसएसची १८. छर्रा इतका जड झाला की तो लहान करता येतो: ९ नंबरचा, जेमतेम २ मिलिमीटरचा टीएसएस छर्रा भेदण्यात शिशाच्या ५ नंबरच्या तोडीचा मानला जातो. त्यामुळे त्याच फोर-टेनच्या काडतुसात १३/१६ औंसात तीनशेच्या जवळपास छर्रे बसतात, जुन्याच्या दुप्पट. पंचवीस यार्डांवर हा फैलाव पाहिला की फोर-टेनबद्दलचं मत बदलतं, माझंही बदललं. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, हे काडतूस महाग आहे. एकेक नग कित्येक डॉलरला पडतो, म्हणून सराव त्याने होत नाही आणि करायचाही नाही. दोन, टीएसएस भरलं की फोर-टेनचा धक्का "काहीच नाही" राहत नाही. अर्ध्या औंसाच्या साध्या काडतुसापेक्षा तो चांगलाच जास्त असतो, आणि बंदूक साडेचार पौंडांची असेल तर मुलीला तो जाणवेल.

वीस बोअरच्या बाजूने सांगण्यासारखं खूप आहे. काडतुसं सगळीकडे मिळतात, ७/८ औंसापासून पुढे हव्या त्या जोराची मिळतात. तुम्हाला "एकदाच खर्च" करायचा आहे. वीस बोअर मुलगी मोठी होईपर्यंत आणि नंतरही पुरेल, मातीच्या तबकड्या, पारवे, तितर, सगळ्याला चालेल. आणि एक गोष्ट दुकानात सहसा सांगत नाहीत: मुलीला "टर्की मॅग्नम" असं छापलेलं, जास्त जोराचं काडतूस लागतच नाही. तुम्ही वीस-बावीस यार्डांपलीकडे बार काढायचाच नाही असं ठरवलंत, तर पावणेतीन इंची काडतुसातले एक औंस, ६ नंबरचे सव्वादोनशे शिशाचे छर्रे फुल चोकमधून (चोक म्हणजे छर्रे फार पसरू नयेत म्हणून नळीच्या तोंडाशी केलेला आवळ) पुरेसे होतात. धक्का मॅग्नमपेक्षा कितीतरी कमी. मॅग्नम ज्या चाळीस यार्डांसाठी बनलं आहे, त्या चाळीस यार्डांवर अकरा वर्षांच्या मुलीने बार काढायचाच नाही.

यंत्रणेचं थोडक्यात सांगतो. गॅसवर चालणारी सेमी-ऑटो बारातल्या वायूचा काही भाग पुढचं काडतूस भरायला वापरते, त्यामुळे धक्का एकदम न बसता थोडा पसरून येतो. मुलांसाठी माझी पहिली पसंती हीच, फक्त पहिल्या वर्षी आत एकच काडतूस भरायचं. पंप, म्हणजे पुढची मूठ हाताने मागेपुढे ओढून काडतूस भरायची बंदूक, स्वस्त आणि भरवशाची. मॉसबर्ग कंपनीच्या, मुलांच्या मापाच्या बँटम मालिकेत दस्त्याला जोड लावून लांबी वाढवता येते, आणि तिची सेफ्टी वर, अंगठ्याखाली असते, डावखुऱ्या मुलाला ते सोयीचं पडतं. एकनळीत एकच बार हा सुरक्षिततेचा मोठा गुण आहे, पण बाहेर घोडा असलेली एकनळी घेताना मुलीला तो अंगठ्याने पूर्ण मागे ओढता येतो का आणि पक्षी निघून गेल्यावर तो हळूच उतरवता येतो का, हे दुकानातच बघा. गारठलेला, घामेजला अंगठा घोड्यावरून सटकला तर बार होऊ शकतो. माझ्या बरोबरच्या मुलांना मी घोडा उतरवू देत नाही, ते काम माझं.

तुमच्या मुलीसाठी माझं मत स्पष्ट आहे: वीस बोअर, गॅसची सेमी-ऑटो, मुलांच्या मापाचा दस्ता, साधारण सहा पौंड, वर एक रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच. पण घेण्याआधी कुणाची तरी उसनी घेऊन ७/८ औंसाची पाच काडतुसं तिला मारू द्या. तिसऱ्या-चौथ्या बाराला ती डोळे मिटायला लागली, तर हट्ट सोडा आणि फोर-टेनवर या, शिकारीच्या दिवशी टीएसएससकट. ३४ किलोच्या मुलीच्या बाबतीत दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि तिला न बघता मी यापुढे छातीठोकपणे सांगू शकत नाही. मुलगी पुढच्या वर्षी पाच किलोने वाढलेली असेल. या वर्षी फोर-टेन चालली तर वीस बोअर पुढच्या वर्षी.

रेड डॉटबद्दल दोन शब्द, कारण अनेकजण याला चैन समजतात. साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीला पुढे फक्त एक मणी असतो, जुनी माणसं त्याला माशी म्हणायची. मागची खूण म्हणजे तुमचा स्वतःचा डोळा. गाल दस्त्यावरून बोटभर उचलला की डोळा वर जातो आणि बार पक्ष्याच्या डोक्यावरून जातो. मोठी माणसंही पहिल्या टर्कीला याचमुळे चुकतात: पक्षी नीट बघायच्या नादात मान वर होते. रेड डॉटमध्ये लाल ठिपका जिथे दिसतो तिथे बार जातो, डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी फारसं बिघडत नाही. मुलांच्या बाबतीत मी बंदुकीवर पन्नास डॉलर कमी खर्च करीन, पण ठिपका लावीन. त्याआधी तिचा कोणता डोळा प्रबळ आहे ते बघा. दोन्ही हात लांब करून पंजांत लहानशी खिडकी करायला सांगा, त्यातून तुमचं नाक बघायला सांगा. खिडकीत तुम्हाला तिचा जो डोळा दिसेल तो प्रबळ. उजव्या हाताची मुलगी आणि डावा डोळा प्रबळ, हे तुम्हाला वाटतं त्याहून बऱ्याचदा निघतं. एवढ्या लहान वयात मी सरळ डाव्या खांद्यावर शिकवतो. चार दिवसांत सवय होते.

आता कागदावरचा नेम. हे काम मुलीचं नाही, तुमचं किंवा तुमच्या मित्राचं. मोठा कागद लावा, मध्ये दहा इंची वर्तुळ काढा, आणि ज्या काडतुसाने शिकार करायची तेच काडतूस, त्याच बंदुकीतून, टेबलावर टेकवून दहा, वीस, पंचवीस यार्डांवर मारा. वर्तुळात शंभर छर्रे ही इथली रूढ कसोटी आहे. ज्या अंतरावर शंभर भरतात ते तुमच्या बंदुकीचं अंतर. मुलीचं अंतर त्याहून पाच यार्ड कमी धरा. दहा यार्डांचा कागद मुद्दाम बघा: छर्ऱ्यांचा झुबका मुठीएवढा पडतो. पक्षी फार जवळ आला की चुकणं सोपं होतं, हे तो कागद तुम्हाला पटवून देईल. म्हणूनच मी टर्कीसाठीचे अतिघट्ट चोक मुलांच्या बंदुकीला लावत नाही. साधा फुल चोक वीस यार्डांवर जास्त माफ करतो. नकली मादी पंधरा यार्डांवर रोवा, म्हणजे नर तिच्याजवळ येतो आणि अंतर आपोआप ठरतं. मिझुरीत छर्रे ४ नंबरपेक्षा मोठे चालत नाहीत. आकडा उलटा असतो हे विसरू नका. २ नंबर म्हणजे मोठा.

सराव मात्र तिचा. फुगे वापरा. कागदाला भोक पडलेलं मुलांना लांबून दिसत नाही, फुगा फुटलेला दिसतो आणि ऐकूही येतो. एका वेळेला आठ-दहा बार, तेही सर्वांत हलक्या काडतुसाचे, आणि चांगला बार लागला की तिथेच थांबायचं, "अजून एक" म्हणाली तरी. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही, डोळ्यांवर चष्मा. धक्क्याची निम्मी भीती खरं तर आवाजाची असते. खुर्चीवर बसून, तिपाईवर टेकवून सराव करा, कारण रानात ती तशीच बसणार आहे. अधूनमधून खोटं काडतूस तिला सांगून घाला, "यातलं एक खोटं आहे, नळी हलते का बघू," असा खेळ करून. माझ्या मुलाला त्या दिवशी कुणी आधी सांगितलं नव्हतं. सांगून केलं की शरम वाटत नाही. आणि शिकारीचं काडतूस तिने सरावात मारायचंच नाही. पहिल्यांदा ते सुटेल तेव्हा समोर पक्षी असेल, आणि तेव्हा धक्का कुणालाच जाणवत नाही.

मित्राच्या घरी बारा आणि वीस दोन्ही बोअरच्या बंदुका असतील, तर एक गोष्ट जपा. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. वरून बाराचं काडतूस बसतं, कुणाला कळत नाही, आणि बार काढला की नळी फुटते. वीसची काडतुसं पिवळी असतात ती याचसाठी. निघण्याआधी मुलीचे आणि तुमचे खिसे उलटे करून बघा, पिवळ्याखेरीज दुसरं काही नको.

कायद्याचं टाळू नका. मिझुरीत मुलांचा हंगाम सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी असतो, आणि मुलाकडे हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र नसेल तर शेजारी प्रमाणपत्रधारक प्रौढ लागतो. अकरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला ते प्रशिक्षण घेता येतं, तेव्हा तुम्ही दोघं एकत्रच बसा. तुम्ही तिच्याहून जास्त शिकाल. वसंतात मारायचा तो नर किंवा छातीला दाढी, म्हणजे केसांसारख्या पिसांचा झुपका, असलेला पक्षीच. आणि आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: एच-१बी, एच-४, एल-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. राज्याचा मुदतीतला शिकार परवाना हातात असेल तर त्यातून सूट मिळते. परवान्याची मुदत संपली की सूटही संपते, मग कपाटातली बंदूकसुद्धा गुन्हा ठरू शकते. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न येत नाही. तुम्ही व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, मग दुकानात जा. अनेकांच्या बाबतीत बंदूक मित्राच्याच नावावर आणि त्याच्याच तिजोरीत राहणं जास्त शहाणपणाचं असतं. घरी ठेवलीत तर बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलीला ठाऊक नसलेल्या जागी. ती कितीही समजूतदार असली तरी.

रानातलं थोडं. नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं असतं, म्हणून या तिन्ही रंगांचा कपड्याचा टिपूससुद्धा नको, मोज्याचासुद्धा नको. दुसऱ्या शिकाऱ्याला झुडपात तेवढाच ठिपका दिसतो. लपण मुलांसाठी उत्तम; मुलं हलतात, आणि टर्कीची नजर हालचाल लगेच टिपते. बंदूक लपणीत बसल्यावरच भरायची, तिपाईवर ठेवूनच. सेफ्टी काढायची ती तुम्ही "आता" म्हटल्यावर. पिसारा फुलवलेल्या नराची मान आत ओढलेली असते, तेव्हा बार काढू देऊ नका. तुम्ही किंवा मित्राने तोंडाने एकदा खुट्ट आवाज करा. तो पिसारा मिटतो, मान ताठ वर काढतो. पिसं संपून लाल गाठी सुरू होतात तिथे ठिपका. मांसात छर्रे जात नाहीत ते यामुळेच. तंगड्या चिवट असतात, पण दोन-तीन तास मंद आचेवर तांबड्या रश्श्यात शिजवल्या की घरातली कुणी कोंबडी मागत नाही.

गेल्या एप्रिलमध्ये माझ्या शेजारी एक दहा वर्षांची मुलगी होती, हातात टीएसएसची फोर-टेन, वर रेड डॉट. सतरा यार्डांवर नर आला, नकली मादीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मी कानात म्हटलं, तयार असशील तेव्हा. तिचा श्वास मला ऐकू येत होता. बराच वेळ गेला. मग ती कुजबुजली, "काका, माझा ठिपका हलतोय." मी म्हटलं, मग नको. तिने बोट चापावरून काढून बाहेर, कडेला ठेवलं, जसं शिकवलं होतं तसं. पक्षी हळूहळू कुरणाच्या पलीकडे गेला. तासाभराने दुसरा आला, तेव्हा ठिपका हलला नाही.

तुमच्या मुलीला हेच आधी सांगून ठेवा, गाडीत बसतानाच: "नको" म्हणायचा हक्क तिचा आहे आणि त्यावर कुणी काही बोलणार नाही. मित्रालाही सांगा, नाहीतर तो उत्साहात "मार, मार" म्हणेल.

तूर्त एवढं करा. तिच्या कोपराच्या वळणापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंतचं माप इंचात घ्या, खिडकीवाली परीक्षा तीनदा करून डोळा कोणता ते बघा, आणि ती लिहिते कोणत्या हाताने ते कळवा. तुम्ही कोणत्या व्हिसावर आहात तेही, हवं तर खाजगीत. तुम्ही राहता ते गाव मिझुरीतल्या कोलंबिया शहरापासून दोन तासांच्या आत असेल, तर माझ्याकडे वीसची सेमी-ऑटो आणि एक फोर-टेन, दोन्ही मुलांच्या मापाच्या आहेत. मार्चमधल्या एखाद्या शनिवारी रेंजवर या, फुगे मी आणतो. बंदूक त्यानंतर विकत घ्या.